एक्सकॉम २: आधीच्या भागाच्या सवयी मोडून मोहीम कशी चालवायची

परग्रहवासीयांशी पाळीपाळीने (टर्न घेत) लढायच्या 'एक्सकॉम' या व्हिडिओ गेम मालिकेतला 'एक्सकॉम: एनिमी अननोन' हा २०१२ चा भाग ज्यांनी मन लावून संपवला, तेच खेळाडू 'एक्सकॉम २' मध्ये सगळ्यात आधी आपटतात. नवखा माणूस पडद्यावरच्या सूचना निदान वाचतो. जुना खेळाडू त्या वाचतच नाही, कारण त्याला सगळं ओळखीचं वाटतं: आडोसा तोच, एका टर्नमध्ये दोन कृती त्याच, नेमाची टक्केवारी तीच. हात सवयीने चालतात आणि तिसऱ्या-चौथ्या कामगिरीत निम्मी तुकडी गेलेली असते. मग "हा भाग फारच अन्यायी आहे" असं म्हणून गेम बंद होतो. माझ्या ओळखीत असं झालेले पाच-सहा जण आहेत. त्यांना समजावता समजावता जे हाती लागलं, ते इथे क्रमाने मांडतो.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, पुढचे सगळे टप्पे तिच्यावर उभे आहेत. पहिल्या भागात तुम्ही सरकारी फौज होता. सोळा देश पैसा देत होते, जमिनीखाली पक्का तळ होता, आकाशात उपग्रह होते, आणि काम होतं चढाई थोपवण्याचं. दुसऱ्या भागाच्या कथेत ती लढाई हरून वीस वर्षं उलटली आहेत. राज्य 'ॲडव्हेंट'चं, म्हणजे परग्रहवासीयांच्या सरकारचं आहे आणि गनीम तुम्ही आहात. गनिमी काव्याची रीत आपल्याला परकी नाही: दबा धरायचा, नेमका घाव घालायचा, शत्रूची कुमक यायच्या आत निसटायचं. लपणं, टर्नची मुदत, फिरता तळ हे सगळे नवे नियम या एकाच विचारातून आलेले आहेत. फौजेसारखे खेळलात तर प्रत्येक नियम जाच वाटेल.

## टप्पा १: 'न्यू गेम' दाबण्याआधी

१. काठिण्यपातळी 'व्हेटरन' घ्या. आधीच्या भागात 'क्लासिक'वर जिंकलो, म्हणून आता थेट 'कमांडर', हा हिशोब चुकतो. खालच्या पातळ्यांवर गेम तुमच्या नेमाला पडद्याआडून थोडी मदत करतो, त्यामुळे दिसणाऱ्या टक्क्यांपेक्षा गोळ्या जरा जास्त लागतात. 'कमांडर'वर गेल्यावर ७० टक्के म्हणजे खरोखर दहातले तीन नेम वाया, असं धरूनच बेत आखावा लागतो. ती सवय व्हायला एक मोहीम जाऊ द्या.

२. 'आयर्नमॅन', म्हणजे एकच सेव्ह आणि मागे जाण्याची सोय नाही असा पर्याय, बंद ठेवा. दोन सेव्ह कायम हाताशी असू द्या: एक कामगिरी सुरू झाल्या क्षणाचा, दुसरा जगाच्या नकाशावरचा. एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहीत राहिलात, तर तीन महिन्यांपूर्वी तळावर झालेली चूक सुधारायला मागे जाण्याची वाटच उरत नाही.

३. ट्यूटोरियल बंद करा. त्यातले काही सैनिक कथेप्रमाणे मरतातच, तुम्ही कितीही नीट खेळा. ते बंद असलं, की पहिल्याच कामगिरीत चार कच्चे सैनिक आणि लपलेली सुरुवात हातात येते. सरावाला याहून चांगली जागा नाही.

४. 'एलियन हंटर्स' हे २०१६ चं जोडपॅक असेल तर पहिल्या मोहिमेत तेही बंद. त्यातले 'रूलर' एलियन टर्न संपायची वाट पाहत नाहीत. तुमच्या जवळजवळ प्रत्येक कृतीनंतर ते स्वतःची चाल खेळतात. मूळ नियम अंगवळणी पडायच्या आत हा अपवाद समोर आला, की सगळंच गडबडतं.

तपासा: 'व्हेटरन', 'आयर्नमॅन' नाही, ट्यूटोरियल नाही, 'रूलर' नाहीत. या चारपैकी एक जरी राहिलं असेल तर दहा मिनिटं खेळून झाल्यावरही मागे जा आणि नव्याने सुरू करा. नंतर बदलणं महागात पडतं.

## टप्पा २: कोणत्या सवयी ठेवायच्या, कोणत्या टाकायच्या

ठेवण्यासारखं बरंच आहे. अर्धा आडोसा २० गुणांचं संरक्षण देतो, पूर्ण आडोसा ४०. उंचावरून नेम सुधारतो. बाजूने गाठलेल्या शत्रूला आडोशाचा उपयोग राहत नाही आणि त्याच्यावर क्रिटिकल घाव बसण्याची शक्यता वाढते. तुकडी चारची पाच आणि पाचची सहा करण्यासाठी आधी एक सैनिक सार्जंट, मग एक कॅप्टन लागतो. आणि सगळ्यात मोलाचा जुना नियम: टर्नमधल्या शेवटच्या सैनिकाच्या शेवटच्या चालीने न पाहिलेल्या जागेत पाऊल टाकायचं नाही. हा तर इथे अधिकच कडक पाळा.

आता टाकायचं काय ते.

ओव्हरवॉच (शत्रू हलला की आपोआप गोळी झाडायची तयारी) लावत लावत पुढे सरकणं. आधीच्या भागात ही चाल बहुतेक वेळा पुरायची: अर्धी चाल, ओव्हरवॉच, पुन्हा अर्धी चाल. इथे बऱ्याच कामगिऱ्यांना टर्नची मुदत असते आणि शत्रूच्या टोळ्या गस्त घालत फिरतात. तुम्ही थांबलात तर मुदत संपते, आणि दुसरी टोळी फिरत फिरत पाठीवर येते ती वेगळीच.

संकटात 'हंकर डाऊन', म्हणजे आडोशामागे दबून बसणं. २०१२ मध्ये ते आडोशाचं संरक्षण दुप्पट करायचं. पूर्ण आडोशामागे बसलेल्या सैनिकाला मग गोळी लागणं जवळपास अशक्य व्हायचं. आता त्यातून ठरावीक जास्तीचं संरक्षण आणि 'डॉज' मिळतो, म्हणजे लागलेली गोळी निसटती लागून इजा कमी होऊ शकते. उपयोगी आहे, पण अभेद्य नाही. शिवाय शत्रूकडे ग्रेनेड आहेत आणि ग्रेनेड आडोसाच उडवून देतो.

दोन स्नायपर मागे उंचावर ठेवून नकाशा साफ करणं. शार्पशूटरला (इथला स्नायपर) 'स्क्वॉडसाइट', म्हणजे साथीदाराला दिसणाऱ्या शत्रूवर नेम धरण्याची क्षमता, आता सुरुवातीपासूनच मिळते, म्हणून मोह वाढतो. पण त्याच्या स्वतःच्या नजरेपलीकडच्या लक्ष्यावर अंतर वाढेल तसा नेम घसरतो, आणि रायफल झाडायला त्याला दोन्ही कृती खर्चाव्या लागतात. मुदतीच्या कामगिरीत पळावं लागतं, आणि पळणारा स्नायपर गोळी झाडू शकत नाही. एक शार्पशूटर पुरे. त्याचं पिस्तूल विसरू नका, चालून झाल्यावर तेच वापरता येतं.

सगळ्यांना मारूनच परतायचं. काही कामगिऱ्यांत ते लागतं. पण बऱ्याच ठिकाणी काम एवढंच असतं की यंत्र हॅक करा, माणूस बाहेर काढा, स्फोटकं लावा. ते झालं की शिल्लक शत्रूंशी तुमचं काही देणंघेणं नाही.

१९९४ च्या मूळ 'यूएफओ'वर वाढलेल्यांची सवय आणखी निराळी. तिथे स्कायरेंजर या सैनिक नेणाऱ्या विमानात चौदा जण जायचे, 'टाइम युनिट' मोजून एकेक पाऊल टाकायचं, आणि नवशिक्यांना पुढे पाठवून शत्रूचा ठाव घ्यायचा. सहा जणांच्या तुकडीत ते परवडत नाही. इथे एक कॅप्टन गेला तर महिनाभर त्याची उणीव भासते.

## टप्पा ३: दबा आणि पहिला घाव

माझ्या मते अर्धी मोहीम इथेच जिंकली किंवा हरली जाते. बहुतेक कामगिऱ्यांत तुकडी लपलेल्या अवस्थेत उतरते. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यातल्या चौकटी तांबड्या डोळ्याच्या खुणेने दिसतात. तिथे पाय पडला की तुकडी उघडी पडते. कोणी गोळी झाडली तरीही पडते. एकदा उघडे पडलात की सहसा पुन्हा लपता येत नाही, म्हणून ही एकमेव संधी नीट वापरायची.

१. सुरुवातीचे दोन टर्न फक्त पुढे जा, ओव्हरवॉच नको. लपलेले असताना झपाट्याने अंतर कापणं हाच मुदतीतला खरा नफा. रेंजरला 'फँटम' मिळालं असेल तर तो सगळ्यात पुढे. तुकडी उघडी पडली तरी तो लपलेला राहतो.

२. पहिली टोळी दिसली की थांबा आणि शक्य असेल तर एक टर्न तिची वाट पाहा. ती कुठून कुठे जाते ते बघा. टोळी तुमच्याकडे येत असेल तर तिच्या वाटेवरून बाजूला व्हा.

३. जागा घ्या. प्रत्येक जण आडोशामागे हवा, कारण दोन क्षणांत लपणं संपणार आहे. सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका. दोघे समोर, दोघे बाजूला असं कमानीसारखं मांडा. मग शत्रू पळून ज्या आडोशामागे जाईल, तो निदान एकाच्या तरी बाजूने उघडा असेल.

४. घाव कोण घालणार ते ठरवा. शत्रू गटाने उभा असेल तर ग्रेनेडियर. त्याचा ग्रेनेड आडोसाही उडवतो आणि चिलखतही सोलतो. एकच मोठा शत्रू असेल तर शार्पशूटर.

५. आता क्रम. जे ओव्हरवॉचवर बसणार आहेत त्यांना आधी बसवा. घाव घालणारा नंतर. पहिला वार झाला की शत्रू आडोशाकडे पळतो आणि त्याच पळापळीत ओव्हरवॉचच्या गोळ्या सुटतात. लपून लावलेल्या ओव्हरवॉचला नेहमीचा नेमातला तोटा लागत नाही, म्हणून ही गोळी इतर वेळच्या ओव्हरवॉचपेक्षा कितीतरी भरवशाची असते.

६. निदान एका सैनिकाच्या कृती शिल्लक ठेवा, शक्यतो दोघांच्या.

शेवटची पायरी जवळजवळ सगळे चुकवतात. सापळा म्हटलं की सहाच्या सहा ओव्हरवॉचवर बसवतात. ओव्हरवॉचमध्ये लक्ष्य तुम्ही निवडत नाही, जो आधी हलेल त्याच्यावर गोळी जाते. चार गोळ्या एकाच साध्या ट्रूपरवर खर्ची पडतात आणि ऑफिसर धडधाकट उरतो. राखलेल्या दोघांनी मग उरलेल्याला गाठायचं असतं.

सावध: शहरातल्या कामगिऱ्यांत साधे नागरिकही तुम्हाला पाहू शकतात. त्यांच्याभोवतीही तांबड्या चौकटी असतात. घाईत माणसांच्या घोळक्यातून वाट काढली की सापळा लावायच्या आतच बिंग फुटतं.

तपासा: घाव घालण्याआधी कॅमेरा एकदा चहूबाजूंनी फिरवा. दुसरी टोळी नजरेच्या टप्प्यात असेल तर एक टर्न थांबा. दोन टोळ्या एकदम अंगावर घेण्यापेक्षा मुदतीतला एक टर्न गेलेला परवडतो.

## टप्पा ४: मुदतीचं गणित

यंत्र हॅक करायची कामगिरी असली की साधारण आठ टर्न, माणूस सोडवून न्यायची असली की बाराच्या आसपास. आकडा पाहून छातीत धस्स होतं आणि लोक पहिल्या टर्नपासून उघड्यावर पळत सुटतात. तसं करू नका. आधी मोजा.

लक्ष्यापर्यंत किती धावा लागतील ते नकाशावर पाहा. धाव म्हणजे दोन्ही कृती चालण्यात घालवणं. समजा तीन धावा लागणार आणि मुदत आठची आहे. म्हणजे पाच टर्न लढाईसाठी तुमच्या हातात आहेत. पहिले दोन टर्न लपून पळण्यात गेले, तिसऱ्यात सापळा, चौथ्या-पाचव्यात पहिली टोळी संपवली, तर उरलेल्या तिनात दुसरी टोळी आणि हॅक दोन्ही बसतं. हा हिशोब कामगिरी सुरू होताच करा, मधे घाबरून नाही.

दुसरं म्हणजे स्पेशालिस्टला न्याच. त्याचं 'ग्रेमलिन', म्हणजे छोटा ड्रोन, उडत जाऊन दुरूनच हॅक करतं. यंत्र नजरेत आलं की पुरे, त्याला हात लावेपर्यंत जायची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे शेवटच्या टर्नला दोन पावलं कमी पडून हरलेले खेळाडू मी पाहिले आहेत.

यंत्र हॅक झालं की मुदतीचं घड्याळ थांबतं आणि त्यानंतर जुन्या पद्धतीने सावकाश लढता येतं. माणूस सोडवण्याच्या कामगिरीत मात्र घड्याळ शेवटपर्यंत चालू राहतं. दोन्हींना एकच बेत लावू नका.

## टप्पा ५: गोळीबार सुरू झाल्यावर टर्नमधला क्रम

टर्न सुरू झाला की आधी कोणालाही हलवू नका. पुढच्या क्रमाने विचार करा.

१. आधी हमखास लागणारं. ग्रेनेड चुकत नाही. स्पेशालिस्टचं 'कॉम्बॅट प्रोटोकॉल', म्हणजे ग्रेमलिनचा हल्ला, तोही चुकत नाही, आणि यंत्रांना ते जास्तच झोंबतं. आडोसा उडाला की पुढच्या सगळ्यांच्या नेमाचे आकडे सुधारतात. आधीच्या भागात ग्रेनेड अडीअडचणीसाठी राखून ठेवायची सवय असते, कारण स्फोटात शत्रूच्या शस्त्रांचे अवशेष नष्ट व्हायचे. इथे साधा फ्रॅग ग्रेनेड दर कामगिरीला फुकट भरून मिळतो. पहिल्याच चकमकीत वापरा.

२. मग जास्त टक्क्यांचे नेम, आणि तेही ज्याला मारल्याने शत्रूचा पुढचा टर्न सर्वांत दुबळा होईल त्याच्यावर.

३. शेवटी जोखमीचं. रेंजरची तलवार मोहक आहे, पण धावत जाऊन वार केला की तो भलत्या जागी उभा राहतो आणि वाटेत नवी टोळी जागी होऊ शकते. शत्रू मरणार याची खात्री असेल आणि तिथली जागा आधी पाहिलेली असेल, तरच.

ओळखीची नावं इथे फसवतात, म्हणून शत्रूंबद्दल थोडं.

सेक्टॉइड पहिल्या भागात सगळ्यात दुबळा होता, तीन गुणांचा जीव. आता त्याच्यात दुपटीहून जास्त जीव आहे. तो सहसा पहिल्यांदा गोळी झाडत नाही. एखादं प्रेत उठवतो, नाहीतर तुमच्या सैनिकाच्या मनावर हल्ला करतो. त्याच्यावर तलवार चालवा, तिचा घाव त्याला जास्त लागतो. पोहोचता येत नसेल तर फ्लॅशबँग, म्हणजे शत्रूला गोंधळवणारा ग्रेनेड. तो गोंधळला की मनावरचा ताबा सुटतो आणि उठवलेलं प्रेत कोसळतं. सुरुवातीच्या महिन्यात प्रत्येक कामगिरीत एक फ्लॅशबँग असलाच पाहिजे, असं मी आग्रहाने सांगेन. अननुभवी तुकडीला याइतका आधार दुसरं काही देत नाही.

व्हायपर जिभेने तुमच्या सैनिकाला आडोशातून ओढून विळखा घालते. तिला जखमी केलं की विळखा सुटतो. अडकलेला सैनिक दुसऱ्यांनीच सोडवायचा असतो, म्हणून एकट्याला फार दूर ठेवू नका. म्यूटनवर तलवार चालवायला जाऊ नका, तो वार चुकवून उलटा मारू शकतो. स्टन लान्सर धावत येऊन सैनिकाला बेशुद्ध पाडतो. तो दिसला की बाकी सगळं सोडून आधी तो. आणि नागरिकांना वाचवण्याच्या कामगिरीत त्यांच्यातच 'फेसलेस' दडलेले असतात, तुम्ही जवळ गेलात की रूप टाकतात. जखमी सैनिकाला नागरिकांच्या दिशेने एकटं पाठवू नका.

सावध: शत्रूची एक टोळी जिवंत असताना पुढच्या न पाहिलेल्या चौकटीत कोणीही शिरायचं नाही, अगदी उत्तम बाजू मिळत असली तरी. मागे सरकून कमी टक्क्यांचा नेम घेतलेला चालेल.

## टप्पा ६: ॲव्हेंजरवरच्या खोल्या

जमिनीखालचा तळ गेला, त्याच्या जागी आकाशातून फिरणारं 'ॲव्हेंजर' आलं. खोल्या बारा. जुना खेळाडू इथे उपग्रहांचं काहीतरी शोधतो आणि न सापडल्यामुळे गोंधळतो. उपग्रह या भागात नाहीतच.

१. पहिली खोली 'गुरिल्ला टॅक्टिक्स स्कूल'. तुकडी वाढवणं इथेच होतं. चारच्या जागी पाच जण नेण्याचा फायदा कोणत्याही शस्त्रापेक्षा मोठा.

२. पहिला इंजिनिअर मिळताच त्याला खोली उपसायला लावा. उपसण्यातून सामग्रीही हाती लागते. आधीच्या भागात इंजिनिअर म्हणजे नुसती संख्या होती, अमुक इतके असले की अमुक बांधता येतं. इथे प्रत्येक इंजिनिअर नाव असलेला एक माणूस आहे आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी काम करतो. तुमची खरी टंचाई पैशाची नाही, त्यांची आहे. बक्षिसात इंजिनिअर देणारी कामगिरी दिसली तर सुरुवातीला तीच निवडा.

३. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर 'रेझिस्टन्स कॉम्स' बसवा. तिच्याशिवाय नव्या प्रदेशांशी संपर्काची मर्यादा वाढत नाही. हे का महत्त्वाचं, ते पुढच्या टप्प्यात येतंच.

४. 'वर्कशॉप' बांधणार असाल तर मधल्या रांगेत. तिथली ग्रेमलिन फक्त शेजारच्या खोल्यांत काम करतात. कोपऱ्यात बांधलेलं वर्कशॉप अर्धं वाया जातं. उघड्या वीजकुंडलाची जागा मिळाली तर ती 'पॉवर रिले'साठी राखून ठेवा.

शस्त्रांबाबत मोठा फरक आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. आधी प्रत्येक लेझर रायफल वेगळी बनवावी लागायची, म्हणून लोक दोन बनवून लाडक्या दोघांना देत. आता मॅग्नेटिक रायफल एकदा घेतली की सगळ्यांच्या रायफली बदलतात. चिलखताचंही तसंच. त्यामुळे 'मॉड्युलर वेपन्स'वरून 'मॅग्नेटिक वेपन्स'पर्यंतचं संशोधन लवकर उरका. एका खरेदीत त्या प्रकारचं शस्त्र असलेले सगळे सुधारतात, अगदी राखीव नवशिकेसुद्धा.

तपासा: पहिला महिना संपताना 'गुरिल्ला टॅक्टिक्स स्कूल' उभं आहे का? एकही इंजिनिअर रिकामा बसलेला नाही ना? जखमींना सोडून निदान चार सैनिक लढाईला तयार आहेत का?

## टप्पा ७: जगाचा नकाशा आणि ती लाल पट्टी

'अवतार प्रोजेक्ट' या शत्रूच्या गुप्त योजनेची बारा घरांची पट्टी नकाशाच्या माथ्यावर भरत जाते. तिच्या धसक्याने मोहीम सोडून देणारे खूप. पट्टी भरली की लगेच हरलो, असा त्यांचा समज असतो. तसं नाही. पट्टी भरल्यावर वेगळी उलटगणती सुरू होते, आणि तिच्या आत एखादा शत्रूतळ उडवला किंवा कथेतलं ठरलेलं काम पूर्ण केलं, की पट्टी मागे येते. उलटगणती संपली तर मात्र खेळ खरंच संपतो.

म्हणून क्रम असा ठेवा.

१. माहिती, म्हणजे 'इंटेल', जपून वापरा. काळ्या बाजारात ती उधळायचा मोह होतो. आधी नव्या प्रदेशाशी संपर्क करा.

२. संपर्काची दिशा शत्रूतळांकडे असू द्या. ज्या प्रदेशाशी संपर्क नाही, तिथला तळ उडवायला जाताच येत नाही. घोटाळा नेमका इथे होतो: पट्टी भरते, तळ नकाशावर समोर दिसतो, पण मधले दोन प्रदेश जोडलेले नसतात आणि इंटेल संपलेलं असतं.

३. पट्टीत दोन-तीन घरं भरली म्हणून लगेच धावायची गरज नाही. तळ हाताच्या टप्प्यात आणून ठेवा आणि तुकडी मजबूत होऊ द्या. पट्टी निम्म्यापुढे गेली की घाव घाला.

४. महिन्याची रसद आपोआप जमा होत नाही. ती पडलेल्या जागी जाऊन 'स्कॅन' करून उचलावी लागते. जुने खेळाडू महिनाअखेरच्या अहवालात आकडा पाहून निश्चिंत होतात आणि मग तिजोरी रिकामी का, म्हणून चक्रावतात.

५. तीनपैकी एक कामगिरी निवडायचा प्रसंग जुनाच आहे, फक्त कसोटी बदलली. तेव्हा कोणत्या देशात घबराट जास्त ते पाहायचो. आता प्रत्येक कामगिरीमागे एक 'डार्क इव्हेंट', म्हणजे शत्रूला फायदा देणारी येऊ घातलेली घटना, असतो, आणि तुम्ही जी निवडाल तोच तेवढा टळतो. बक्षीस पाहण्याआधी तो वाचा. शत्रूला चिलखत मिळणार असेल आणि तुमच्याकडे मॅग्नेटिक शस्त्रं नसतील, तर बक्षीस कितीही चांगलं असो, तोच टाळा.

## टप्पा ८: माघार

आधीच्या भागात मागे फिरायचं तर जिथे उतरलात तिथवर चालत जावं लागायचं, म्हणून कोणी फिरतच नसे. इथे बऱ्याच कामगिऱ्यांत तुम्ही स्वतः जागा निवडून स्कायरेंजरला बोलावू शकता. बेशुद्ध सैनिकाला खांद्यावर टाकून नेता येतं. मेलेल्याचं शरीरही नेता येतं, आणि त्याच्याबरोबर त्याची सामग्री वाचते.

माघारीचा निर्णय कधी घ्यायचा, यासाठी मी एक साधी रेघ आखली आहे: दोघे पडले आणि नवी टोळी समोर आली, की निघायचं. हाकेची जागा आडोसा असलेल्या बाजूला आणि शत्रूपासून एका धावेवर निवडायची, शेवटच्या माणसाने धूर किंवा फ्लॅशबँग टाकायचा, आणि सगळे एकाच टर्नमध्ये चढायचे. हरलेल्या कामगिरीचा डाग महिनाभरात पुसला जातो. चार सार्जंट गमावलेली मोहीम बहुधा उभी राहत नाही.

सावध: कथा पुढे नेण्यासाठी 'स्कलजॅक' (शत्रूच्या डोक्यातली माहिती काढणारं यंत्र) बनवून ते ऑफिसरवर वापरायचं असतं. ते वापरताच 'कोडेक्स' प्रकट होते. ती जखमी झाली की दोन होतात, जागा बदलते, आणि तिच्या हल्ल्यात सापडलेल्यांची शस्त्रं रिकामी होतात. म्हणून आजूबाजूची टोळी आधी संपवा, ऑफिसर एकटा उरू द्या, फ्लॅशबँग हाताशी ठेवा, निदान तिघांच्या कृती शिल्लक असू द्यात, आणि मगच स्कलजॅक. पुढे हेच यंत्र कोडेक्सवर वापरलं की खुद्द 'अवतार' समोर येतो, तेव्हा हीच तयारी दुपटीने लागते.

## 'वॉर ऑफ द चोझन' कधी घ्यायचं

२०१७ चं हे विस्तारपॅक मला मूळ खेळाहून जास्त आवडतं. तरी पहिली मोहीम त्याच्याशिवायच खेळा. त्यात सैनिक थकतात, त्यामुळे एकाच सहा जणांवर विसंबता येत नाही आणि निदान बारा-चौदा कामाचे सैनिक तयार ठेवावे लागतात. 'असॅसिन', 'हंटर' आणि 'वॉरलॉक' हे तिघे चोझन मोहीमभर पाठलाग करतात. पडक्या शहरांत 'लॉस्ट'च्या झुंडी असतात, त्यातला एक गोळीने मारला की ती कृती परत मिळते, आणि स्फोटाच्या आवाजाने मात्र आणखी झुंडी येतात. म्हणजे टप्पा ५ मध्ये सांगितलेला ग्रेनेड-आधी हा क्रम तिथे उलटा करावा लागतो. मूळ क्रम हातात बसला नसेल तर तो कधी उलटायचा हे कळणार नाही. मुदतीचा जाच अजूनही होत असेल, तर या पॅकमध्ये टर्नची मुदत वाढवण्याचा पर्याय नव्या मोहिमेच्या सेटिंगमध्ये आहे. तो निःसंकोच चालू करा.